तोंड पाहून दिलेलं ‘बरोबर’

सन दोन हजार एकोणीस. मी चौसष्ट वर्षांचा. शाळेच्या दाखल्यावर चौसष्ट. खरं वय आईला ठाऊक होतं आणि ते ती जाताना संगं घेऊन गेली. त्या वर्षी हर्सूलचा तलाव असा आटला होता की तळाच्या भेगांत चालताना टाच अडकायची. आमची वस्ती तलावाच्या वरच्या अंगाला, जेल मागं टाकून मुरमाच्या रस्त्यानं आत गेलं की लागते. शहराचा पाइप आमच्या अलीकडं संपतो, खेड्याची नळयोजना आमच्या पलीकडं सुरू होते, आणि मधी आम्ही. त्या उन्हाळ्यात मी कंप्युटरचा प्रोग्राम लिहायला शिकलो. चौथी नापास माणूस, मेंढरं राखलेला, पुढं कंपनीच्या गेटावर दंडुका घेऊन उभा राहिलेला. शिकलो, ते खरंच. पण तो उन्हाळा आठवला की माझं डोकं अजून तापतं, आणि ते उन्हानं नाही.

यंदा परत टँकर लागलेत. सकाळी रस्त्याच्या तोंडाशी हॉर्न वाजतो, निळे ड्रम एकमेकांवर आपटतात, बाया पदर खोचून धावतात. टँकरचा जाड पाइप सुटला की आधी नुसती हवा फुसकारते, मग गंजाचा आणि शेवाळाचा वास येतो, मग पाणी. हा क्रम काही बदलत नाही. लोक पावसाच्या गोड आठवणी लिहितात, लिहू देत बापडे. आमच्याकडं साल ओळखायचं ते पाणी आलं नाही त्यावरून. बहात्तरला मला मिसरूड फुटत होतं आणि मी रस्त्यावर खडी फोडत होतो. त्या खडीचा आवाज आणि ह्या ड्रमांचा आवाज माझ्या कानात शेजारी शेजारी बसलेत. मधी एवढं शहर वाढलं, तरी दोन्ही आवाजांत फार फरक पडला नाही.

ह्याच माळावर आम्ही मेंढरं चारायचो. चैत्रात बाभळीच्या शेंगा गळायच्या आणि सगळा कळप एकदम चावायला लागला की पाऊस सुरू झाल्यासारखा बारीक आवाज व्हायचा. मग एका उन्हाळ्यात माळावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या. कुणी पाडल्या, कुणाच्या हुकमानं, काही माहीत नाही. मेंढराला रेघ कळत नाही. ते ह्या प्लॉटातून त्या प्लॉटात जातं, आणि मग प्लॉटवाला माणूस येऊन शिव्या देतो, त्याच माणसाला ज्याच्या आज्यानं तिथलं बोरीचं झाड लावलं. बाप थकला, मेंढरं विकली, मी चितेगावच्या एका कंपनीच्या गेटावर लागलो. रेघांवर भिंती आल्या, भिंतींवर पत्रे आले, पत्र्यांवर टाक्या आल्या. टाक्यांत घालायला पाणी आलं नाही. एवढं सगळं मापून देणाऱ्यांना एक पाइप मापायला सुचू नये, ह्याचा राग मी कुणावर काढायचा ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

आता टँकरचं सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. टँकर एक, घरं पुष्कळ. वस्तीत एक पुढारी होता, त्याचा माणूस पाइप धरायचा. ज्याचं तोंड त्याला बरं दिसलं त्याचा ड्रम काठोकाठ. बाकीच्यांचा अर्धा. माझं घर गल्लीच्या अगदी टोकाला, मागं नुसता नाला. माझ्यापर्यंत पाइप यायचा तो ठिबकत. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, गयाबाईचं घर. गयाबाई म्हणजे माझ्या मित्राची विधवा. त्याच्यासंगं मी मेंढरं राखली, म्हणून ती मला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते, आणि माझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून तिला कुणी काही म्हणत नाही. तिचं घर तोंडाशी, म्हणून तिचा ड्रम सगळ्यांच्या आधी भरायचा. त्यावरून बायांचा तिच्यावर राग. भांडणं अशी व्हायची की एकदा एका बाईनं दुसरीच्या डोक्यात हंडा घातला आणि पाणी राहिलं बाजूला, दोघी घाटीत. घाटी म्हणजे आमचा सरकारी दवाखाना.

मला एकच गोष्ट हवी होती. तोंड न पाहता पाणी वाटणारं काहीतरी.

ते मला जिथं सापडलं ती जागा तुम्ही पाहिली असती तर हसला असता. वस्तीचं समाजमंदिर, पत्र्याची एक खोली. दुपारी आत गेलं की भट्टीच. इंजिनीरिंगच्या काही पोरांनी कुठल्याशा हापिसातून टाकून दिलेले कंप्युटर आणून तिथं मांडले, नेट जोडून दिलं, आणि भिंतीवर कोळशानं नेम लिहून निघून गेले. फी नाही. सर नाही. धडे कंप्युटरातच आहेत, ते ज्याचे त्यानं वाचायचे आणि करायचे. धडा झाला की दोघांना दाखवायचा. दोघांनी बरोबर म्हटलं तरच पुढचा. आणि तपासणाऱ्यानं उत्तर सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, कीबोर्डला हात लावायचा नाही. त्यानं फक्त विचारायचं, ‘हे असं कामून?’, म्हणजे का? ज्याला सांगता आलं नाही तो परत बसला.

मला हे ऐकताच पटलं. मेंढपाळाला कोण शिकवतं? बाप पुढं चालतो आणि तुम्ही मागं. चार वाडे, म्हणजे चार घरांचे कळप, संगं निघाले की त्यात गुरू कुणीच नसतो. एकाचं मेंढरू लंगडलं की दुसरा विचारतो, काल कुठं चारलं होतं? त्या विचारण्यातच सगळं कळतं. मी तिथं शिकत बसलेल्या वस्तीतल्या पोरांना म्हटलं, मला पण बसायचंय. ते हसले नाहीत. हसले असते तर फार बरं झालं असतं.

इंग्रजी अक्षरं मला येत होती. गेटावर गाड्यांचे नंबर उतरवून उतरवून आली होती. शब्द नाही, नुसती अक्षरं. धड्यांतले शब्द मी नंबरप्लेटीसारखेच पाठ केले. ‘इफ’ म्हणजे जर, एवढं संगं शिकणाऱ्या संदीपनं सांगितलं आणि माझं निम्मं काम झालं. जन्मभर मी दुसरं केलंय काय? जर वारा फिरला तर वाड्याचं तोंड फिरव. जर कुत्रं एका अंगाला भुंकलं तर त्या अंगाला जाऊ नको, आधी दुसरं अंग बघ. हे सगळं डोक्यात रचलेलं होतंच, फक्त ते काचेवर उतरवायचं होतं. घामानं बोटं घसरायची. कीबोर्डाची बटणं दुपारी चटका द्यायची, पत्र्यातून धूळ गळायची, बाहेर प्लॉटिंगवाल्याचं जेसीबी माळ खरवडत असायचं. वीज गेली की सगळे कंप्युटर एकदम गप्प व्हायचे आणि पोरं एकदम बोलायला लागायची. मी तसाच बसून राहायचो, काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत, पुढची ओळ काय लिहायची ते पुटपुटत. एवढं मन लावून मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

खोलीत दोघं पक्की होती. एक संदीप, चितेगावला कंपनीत शिफ्ट करून यायचा, डोळे कायम लाल. दुसरी शबाना. गुलमंडीच्या दुकानांच्या साड्यांना घरी बसून फॉल लावायची आणि दुपारी इथं. तिच्यासारखी नजर मी कुणाची पाहिली नाही. साडीच्या काठाची एक टीप सुटली तर तिला दिसायची, तसंच प्रोग्रामाचं. संदीपचं काम तिनं इतक्या वेळा परत पाठवलं की तो चिडून म्हणाला, ‘शबाना, तुझ्या सासूची मला आत्तापासून कीव येती.’ ती म्हणाली, ‘सास का नंतर देखेंगे, तू पहले ये लाइन बता, ऐसा कायकू किया?’ अशी त्यांची भांडणं चालायची. वाद असा की पत्रा थरथरावा, आणि वाद संपला की संदीपचा प्रोग्राम चालायचा.

आणि माझा? माझा धडा झाला की संदीप मागं येऊन उभा राहायचा. वाकून बघायचा. ‘मामा, एकदम बरोबर.’ शबाना यायची, ओढणी सावरून बघायची. ‘बढिया है मामू.’ झालं. पुढचा धडा.

मला वाटलं मी हुशार आहे. का वाटू नये? मी होतोच हुशार. माझ्यासाठी कुणाच्या तरी घरून हाताची खुर्ची आणली; बाकी सगळे सतरंजीवर, मी खुर्चीवर. चहा आला की पहिला कप मला. मी आत आलो की कुणी तरी पंखा माझ्याकडं फिरवायचं. मग एका दिवशी पुढारी आला, संगं पेपरवाला घेऊन, आणि माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. ऐन वैशाखात शाल. चौसष्टाव्या वर्षी कंप्युटर शिकणारे आजोबा. फोटो आला. मी तो फोटो भिंतीला लावला नाही, पण टाकूनही दिला नाही. शाल-नारळ काय असतो हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तो दिला की माणसाचं काम बघायची गरज उरत नाही. त्याला गुंडाळून एका बाजूला ठेवता येतं.

हल्ली शहरात जिकडं बघावं तिकडं कोडिंगच्या क्लासचे बोर्ड. मोठमोठे, चेहरे हसरे, सर टाय लावलेले. आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा कर्ज काढून पोरांना तिथं घालतात. काल एक पोरगा मला सांगत होता, मामा, आमचे सर लई भारी, त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. मी त्याला म्हटलं, मग तू तिथं जातोस कशाला? त्याला कळलं नाही. त्याचा तरी काय दोष, त्याला वाटतं शिकणं म्हणजे कुणाच्या तरी पाया पडणं. पण आमच्या त्या खोलीत तर सर नव्हताच. पाया पडायला कुणी नव्हतं. तरी त्यांनी मला पाया पडण्याजोगा करून ठेवलं. सर नसला की आपली माणसं सर तयार करतात, आणि मीच त्यांना हाताशी सापडलो.

तर पाण्याचा प्रोग्राम. तो मी लिहिला, एकट्यानं. सगळ्या घरांची नावं एकाखाली एक. टँकर आला की मशीननं सांगायचं, आज कुणाचे ड्रम. जिथं पाणी संपलं, पुढच्या वेळी त्याच्या पुढून. शेवटचं घर झालं की परत वर. साधं आहे. ह्यात पुढारी नाही, त्याचा माणूस नाही, कुणाचं तोंड नाही. गल्लीच्या तोंडापासून नावं घातली, म्हणून सगळ्यात वर गयाबाई आणि सगळ्यात खाली मी. मुद्दाम तसं घातलं. मी स्वतःला खाली ठेवलंय हे लोकांना दिसावं म्हणून.

मशीन मोजतं ते एकापासून नाही, शून्यापासून. पहिलं नाव शून्यावर. हे धड्यात होतं, मी वाचलं होतं. पण आमच्या घरची एक रीत. कळप संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या वाड्यात, घेताना मेंढरं मोजतात, तेव्हा पुढचं घुंगराचं बकरं मोजायचं नाही. आजा म्हणायचा मोजलं तर नजर लागती. बाप म्हणायचा ते असतंच पुढं, त्याला काय मोजायचं. ते आत शिरलं की त्याच्या मागच्यापासून एक. लहानपणापासून हात तसाच पडलेला. शून्य बघितलं आणि माझ्या मनानं घेतलं, हे पुढचं बकरं. हे उभंच असणार. मोजणी एकापासून. तसंच लिहिलं.

चुकलं. मान्य आहे. चुकणारच, मी शिकत होतो, त्यासाठीच तर दोघांनी बघायचा नेम. संदीपनं बघितलं. ‘मामा, एकदम बरोबर.’ शबानानं बघितलं, जरा जास्त वेळ बघितलं, हे मला चांगलं आठवतं. मग म्हणाली, ‘बढिया है मामू.’

वस्तीची बैठक झाली, पुढाऱ्याच्या माणसाला बाजूला केलं, आणि मशीनची यादी कागदावर उतरवून त्याप्रमाणं पाणी सुरू झालं. काय सांगू तुम्हाला. पहिल्यांदा टँकर आला आणि भांडण झालं नाही. बाया कागदापुढं उभ्या राहायच्या, कुणी तरी वाचून दाखवायचं, ज्यांची पाळी ते ड्रम पुढं, बाकीचे घरी. माझ्या दारात पाइप पहिल्यांदा भरून आला, तेव्हा माझी बायको कौसा पाण्यात हात घालून नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

गयाबाईनं तिच्या पाळीचं पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाया म्हणाल्या, आजवर तूच आधी भरायचीस, थांब आता जरा. त्यांना मजा वाटली. पुढच्या टँकरला तिनं परत विचारलं. मग मला येऊन विचारलं, तिच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली, पाळी कधी? मी तिला सांगितलं, वहिनी, मशीन तोंड पाहत नाही, येईल पाळी. माझे शब्द. ते मी असे सांगितले जसे कुणी देवळातून सांगावेत. मला दिसत होतं की ती डोक्यावर हंडा घेऊन उन्हात लांबच्या विहिरीला जाते. मी म्हटलं, आजवर आरामात भरलं, आता जरा चालू दे.

मग ती आली. दुपारची वेळ, खोली भरलेली, सगळे आपापल्या कामात. बाहेरून प्लॅस्टिक फरशीवर फरफटल्याचा आवाज आला. गयाबाई तिचा रिकामा निळा ड्रम ओढत आत आली आणि माझ्या टेबलाला भिडवून उभा केला. तोंड उन्हानं काळंठिक्कर.

‘लिंबाजी, तुझ्या मशीनला सांग, हे भर म्हणून. घरी वली बाळंतीण हाय. लेकराची दुपटी मी राखंनं घासून झटकली आज.’

पाळी येईल, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तिनं ते ओळखलं.

‘येईल म्हनू नको. दाव. ह्या काचंत माझं घर कुठंय ते दाव मला.’

मी दाखवलं. नाव होतं. सगळ्यात वर. हे बघ म्हटलं, तुझं नाव सगळ्यांच्या पुढं आहे.

‘मग बोलवत कामून नाय?’

मी ओळ वाचली, परत वाचली. मला ती बरोबरच दिसत होती. मी मागं वळून बघितलं. सगळ्या खोलीत एकटी शबाना माझ्याकडं बघत नव्हती. ती स्वतःच्या नखांकडं बघत होती.

मी तिला म्हटलं, बोल. परत म्हटलं. मग हळू बोलली, ‘मामू, मेरेकू दिखा था. पहलेच दिन दिखा. एक से शुरू किये आप. पर मैं सोची, मामू ने कुछ सोचकेच किया होंगा. आपकू कैसा बोलूँ?’

म्हणजे शून्यावरची गयाबाई मशीननं कधी मोजलीच नव्हती. संदीप म्हणाला, मला पण शंका आली होती मामा, पण तुम्ही वडीलधारे.

तुम्हाला सांगतो, कंपनीच्या गेटावर साहेबानं मला सगळ्यांपुढं शिवी दिली होती, तेव्हा मला एवढा राग आला नव्हता. ती शिवी होती, समोरून होती. हे काय होतं? संदीपच्या कामाला कामून, एकमेकांच्या कामाला कामून, कालच्या नवख्या पोरीच्या कामाला कामून, आणि माझ्या कामाला नुसती मान हलवायची. म्हणजे मी त्यांच्यात नव्हतोच. मी खुर्चीवर बसवलेला गणपती होतो. चारच शब्द लागत होते, मामू, हे असं कामून? मी बकऱ्याची गोष्ट सांगितली असती, सगळे पोट धरून हसले असते, मी रागावलो असतो, एक आकडा बदलला असता, आणि गयाबाईच्या नातवाची दुपटी पाण्यात धुतली गेली असती. मला मान दिला आणि त्याची किंमत त्या बाळंतिणीनं भरली. ह्याला कुणी संस्कार म्हणत असेल तर त्यानं माझ्या समोर म्हणू नये.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मोठ्यानं बोललो. शबाना रडली, मी थांबलो नाही. गयाबाईच मला म्हणाली, पोरीवर कामून वरडतूस, पाण्याचं बघ. मग मी आणि कौसा आमचा ड्रम दोघांनी धरून तिच्या दारात नेला आणि ओतला. बाळंतीण खाटेवरून बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, ती मला म्हणाली, मामा, लई उपकार झाले. त्या शब्दानं माझ्या अंगाची आग झाली.

घरी येऊन मी जेवलो नाही. कौसा चुलीपाशी बसली होती. मी तिला सगळं सांगून पोरांना नावं ठेवत होतो, की एवढी शिकलेली पोरं, एवढी जीभ चालते आणि माझ्यापुढं दातखीळ. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘अवो, तुमच्यापुढं कोन बोलल? मी तरी बोलले का कधी?’

मी विचारलं, तुला काय बोलायचं होतं?

ती म्हणाली, आता कशाला. मी धरूनच बसलो तेव्हा म्हणाली, मेंढरं विकू नगा म्हणायचं होतं. थोडी ठेवा, माझा भाऊ गौताळ्याच्या जंगलाच्या अंगाला चारील म्हणायचं होतं. तुम्ही मामंजींच्या शेजारी बसून ठरवलं, माझ्याकडं बघितलं पण नाही. त्यावर माझा राग तिच्यावर वळला. म्हटलं, इतकी वर्षं पोटात ठेवलंस आणि आज सांगतेस? ती म्हणाली, आज इचारलं तुम्ही.

तो राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात वय झालं की माणूस निवतो. मी निवलो नाही आणि निवायची माझी इच्छाही नाही. आजही टँकरचा हॉर्न वाजला की मला तो ड्रमचा फरफटण्याचा आवाज ऐकू येतो, आणि आजही वस्तीत कुणी मला ‘मामा म्हणतील तसं’ म्हणालं की मी त्याला उभा करतो आणि विचारतो, मामा काय म्हणाला ते तू ऐकलंस का तरी? पोरं आता मला टाळतात. टाळू देत. टाळणाऱ्याची निदान मान हलत नाही.

त्या रात्री मी एकच ठरवलं. दोघांनी तपासायचं हा नेम चांगला होता, माणसं चुकीची निवडली होती. माझं काम तपासायला असं माणूस हवं ज्याच्या लेखी मी कुणीच नाही. असं माणूस आख्ख्या वस्तीत एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गयाबाईच्या दारात गेलो. ती लेकराला पायावर घेऊन अंघोळ घालत होती, आमच्याच पाण्यानं. मी म्हटलं, चल, माझं काम बघायला. ती म्हणाली, येडा झालास का, मला वाचता येतं का? मी म्हटलं, वाचायचं नाही. शबाना वाचंल. तू फक्त इचारायचं. तिनं लेकरू पुसलं, लेकीच्या कुशीत दिलं आणि ओल्या हातानंच माझ्यासंगं निघाली.

खोलीत पोरं जमली होती. मी सतरंजीवर बसलो. खुर्ची गयाबाईला दिली, ती त्यावर बसली नाही, माझ्या शेजारी खालीच बसली, शबाना पलीकडून. एकाचं शून्य मी करून ठेवलं होतं. शबानानं एकेक ओळ वाचली, ह्या वेळी प्रत्येक ओळीला थांबली आणि मला विचारलं, मामू, ये कायकू? मी सांगितलं. शेवटपर्यंत आलो. गयाबाईचं नाव बोलवलं गेलं, तिनं ते कानानं ऐकलं. मला वाटलं, झालं.

गयाबाई दारातून बाहेर बघत होती. तिकडं नाल्याच्या पलीकडं रात्रीतून विटा पडल्या होत्या, एक गवंडी सुतळी ताणत होता, त्याच्या बायकोनं कडेला एक रिकामा ड्रम आणून ठेवला होता.

‘लिंबाजी,’ ती म्हणाली, ‘ते घर उद्या उभं ऱ्हाईल. ती बाई ह्याच्यात कुठंय?’

ती कुठंच नव्हती. नवं घर आलं तर काय करायचं, हे मी मशीनला सांगितलंच नव्हतं. संदीपचा हात कीबोर्डाकडं निघाला होता, तो शबानानं वरच्या वर धरला.

मी चिडलो, कीबोर्ड मांडीवर ओढला आणि पहिल्या ओळीपासून परत लिहायला बसलो.